सेफ्टी आप्पा आणि खडकातली वाम

लग्नाच्या मांडवात अक्षता हातात घेण्याआधी आप्पा आचाऱ्याकडे चक्कर टाकायचे. सिलिंडर कुठं ठेवलाय, नळी किती जुनी आहे, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. वरवंडच्या एका लग्नात तर त्यांनी भटजींचं उपरणं होम संपेपर्यंत मागून धरून ठेवलं होतं! कुरकुंभच्या आमच्या केमिकल कंपनीत ते सेफ्टी बघायचे, म्हणून 'सेफ्टी आप्पा'. माघारी लोक आणखीही काय काय म्हणत, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कुणाचा चष्मा कपाळावर चढलेला दिसला की झालाच रिपोर्ट. रडा, हात जोडा, साहेबांचा भाचा असल्याचं सांगा, काही उपयोग नाही. "माझ्या रिपोर्टात खोटं अक्षर न्हाई," ही त्यांची ऐट. मी ट्रेनी फिटर होतो, तेव्हा माझ्यावर दोन रिपोर्ट पडलेले. तिसरा पडला की घरी.

मी नदीकाठच्या राहू गावचा. आमच्याकडं नदीच्या कपारीत कोपरापर्यंत हात घालून वाम, म्हणजे सापासारखा लांबडा मासा, काढता आली, की पोरगं हाताशी आलं असं समजतात. मी मशीनमध्येही तसाच बिनधास्त हात घालायचो. आप्पा ओरडायचे, "राहूकर, हाताच्या आधी नजर घाल की रं!"

मला कायमची ऑर्डर मिळायला महिना उरला असताना कंपनीची सहल मालवणला गेली. स्नॉर्केलिंगला, म्हणजे डोळ्यांवर काच आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे मासे बघायला, उतरताना आप्पांनी प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून बघितला, माझा चारदा. तिथला गाईड सांगत होता, "खडकाच्या फटीत हात घालू नका, माशांना खायला घालू नका, जोडीनं राहा." आप्पांनी त्याला हे तीनदा म्हणायला लावलं.

"काका, दहा वर्षं हेच सांगतोय मी!"

"म्हणूनच इचारतोय. सवय झाली का मानूस इसरतो."

आप्पांनी जोडीला मलाच घेतलं. गाईड बाकीच्यांना घेऊन खडकाच्या पलीकडं गेला. काचेतून खाली बघतो तर हातभर अंतरावर फटीतून एक ठिपक्याठिपक्यांचं तोंड बाहेर आलेलं, उघडतंय, मिटतंय. मोरे ईल, समुद्रातली चावरी वाम! ती तोंड उघडते ती श्वासासाठी, हे मला नंतर कळलं. मला दिसली ती आमच्या नदीची वाम, आणि चांगली मनगटाएवढी. कशाची सेफ्टी अन् कशाचं काय, घातला हात!

आप्पांनी माझा हात धाडकन बाजूला ढकलला, आणि त्यांचंच बोट त्या जबड्यात गेलं.

मी त्यांचा दंड धरून ओढायला लागलो. त्यांनी मोकळा हात वर केला, थांब म्हणून. तिचे दात आत वळलेले; ओढलं असतं तर बोटाच्या चिंध्या झाल्या असत्या. आप्पा नुसते तरंगत राहिले, नळीतून संथ श्वास घेत. माझाच जीव टांगणीला. शेवटी तिचं तिनंच सोडलं.

किनाऱ्यावर बाटलीतल्या पाण्यानं जखम धुतली, फडकं दाबून धरलं आणि दवाखाना गाठला. टाके पडले, पण ते बोट पुन्हा कधी वळलं नाही. तिथल्याच बाकावर आप्पांनी डाव्या हातानं रिपोर्ट लिहिला. फटीत हात कुणी घातला? आप्पांनी स्वतः. कारण? 'सूचना ऐकूनही निष्काळजीपणा.'

"आप्पा, हे खोटं हाय," मी म्हणालो.

"गप बस."

मग काय, कंपनीला आयतं कोलीत मिळालं. ज्यानं त्यानं येता-जाता विचारावं, "आप्पा, हाताच्या आधी काय घालायचं असतं?" ते हसायचे. मी कायम झालो, आणि भेकडासारखा गप्प राहिलो. सांगितलं तर नोकरी जाईल, ही भीती. लाज वाटते लिहिताना.

काही वर्षांनी आप्पा रिटायर झाले, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात पोरांनी त्यांना रबरी साप भेट दिला. सगळा हॉल हसत सुटला. मला मात्र राहवलं नाही. उठलो, माइक धरला आणि साहेबांसमोर सगळं सांगून टाकलं. आता आप्पा फाडून खाणार, नाहीतर साहेब हाकलणार.

आप्पा उठून जवळ आले. रागावले होतेच. "इतकी वर्षं झाकलं, आन् आज घान केलीस व्हय रं?" म्हणाले. मग माझा उजवा हात हातात घेऊन, त्या ताठ बोटानं माझं एकेक बोट मोजलं.

"पाच हायती. मंग झालं तर."