पीच कुठल्या बाजूला?

कोरियातल्या आमच्या छंगदो तालुक्यात कुणालाही विचारा, पितरांच्या ताटात मासा कुठं ठेवायचा. तो म्हणेल, "थांबा, ग्युसोक सरांना फोन लावतो." हे ग्युसोक सर म्हणजे माझा धाकटा भाऊ. सख्खा. मी शाळा सोडून बापाच्या पीचच्या बागेत राबलो म्हणून तो सर झाला. लोक हे विसरतात, म्हणून आधीच सांगून टाकतो.

त्याचं डोकं म्हणजे कोठार. पितरांचं ताट मांडायचा मान थोरल्याचा, म्हणजे माझा. पण मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला, तांबडी फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, हे माझ्या डोक्यात कधी बसलं नाही. मग एवढासा ग्युसोक मागून कुजबुजायचा, "दादा, बोरं तिकडं, तिकडं!" मी ठेवायचो. दंडवत मात्र माझा. तसा दंडवत पंचक्रोशीत कुणाला जमत नाही, अजूनही.

बाप म्हणायचा, "कोठार भरलंय खरं, पण दाराला आतून कडी आहे." मला राग यायचा. माझ्या भावाला मी बोलेन, बापानं का बोलावं?

पण बापाचं अगदीच खोटं नव्हतं. ग्युसोक मुलगी बघायला गेला, तेव्हा ती म्हणाली, "फार उकडतंय ना?" ह्यानं डोंगराआड वारा का अडतो ते चहा गार होईपर्यंत समजावलं. शेवटी तिनंच उठून खिडकी उघडली. तीच ह्येरान, आमची धाकटी सून. खिडक्या अजून तीच उघडते.

बाप गेला तो ऐन पीचच्या हंगामात. त्यामुळं त्याच्या तिथीला घरात पाय ठेवायला जागा नसते, एवढ्या पेट्या. ताटात मात्र पीच नाही. पीचला भुतंखेतं भितात, मग पितरही दारातूनच माघारी जातात, अशी रीत. ती कुठल्या ग्रंथाच्या कुठल्या पानावर आहे, हेही ग्युसोकला पाठ.

यंदा ताट मांडून झालं होतं. दवाखान्यातनं आल्यापासून आई भिंत धरून चालते. ती आली, हातात एक पीच.

"धाकट्या, हा ठेव."

"आई, पीच चालत नाही. बाबा आत यायचे नाहीत."

"कोण म्हणतं?"

"सगळ्या ग्रंथांत आहे."

"तुझा बाप जन्मभर अंगाला पीचची लव चिकटवून, खाजवत खाजवत ह्याच दारातनं आत आला. जिवंतपणी भ्याला नाही, आणि आता मेल्यावर भितोय होय?"

ह्येरान फिस्सकन हसली. आमचे चुलते घोंगडीवर ताठ बसले होते. ते खाकरले, "वहिनी, रीत ती रीत."

"भावजी, रीत तुमची, नवरा माझा. पुढच्या वर्षी मी ताटाच्या पलीकडं असेन. तिकडं मला काय मिळणार ते आजच बघू दे. नाहीतर इथलं शीतसुद्धा तोंडात घालायची नाही."

पितरांचं ताट घरच्यांनी वाटून खाल्लं की तिथी पुरी होते. आई उपाशी राहिली, तर बापाचंही जेवण अर्धंच. आणि आई बोलली ते करते.

सगळे ग्युसोककडं बघायला लागले. काका म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा. अख्खा तालुका तुम्हाला विचारतो."

मला उत्तर केव्हाच सुचलं होतं. पण धाकट्यालाही कधीतरी सुचावं म्हणून मी गप्प राहिलो. शिवाय काका होते.

ग्युसोकनं पीच हातात घेतला आणि अडकला. फळाचा एक गाल तांबडा, दुसरा पांढरा. पूर्वेला की पश्चिमेला? उभ्या उभ्या फिरवत राहिला.

"बघ," काका म्हणाले, "फळालाच जागा नाही."

"सर, रस गळतोय," ह्येरान म्हणाली.

ग्युसोकनं फळ नाकाशी नेलं. आणि डोळे मिटून तसाच उभा राहिला. मग वाकला, फळांची रांग ओलांडली, आणि भाताच्या वाटीच्या डाव्या अंगाला पीच ठेवला.

"डावीकडं? हे कुठल्या ग्रंथात?" काका कडाडले.

"बाबा डावखुरे होते, काका."

मी दंडवत घातला, नेहमीसारखा सुंदर. काका जरा वेळानं वाकले, पण वाकले. नंतर आईनं तो पीच खाल्ला. रस कोपरापर्यंत. अर्धा काकांच्या हातात कोंबला, त्यांनी तोही संपवला.

ज्ञान ग्युसोककडं लहानपणापासून होतं. बुद्धी त्या दिवशी आली. मला वाटतं, ती बाहेरच उभी होती, आत जागा होत नव्हती.

आता लोक कुरकुरतात की सर म्हातारे झाले, फोनवर सरळ उत्तर देत नाहीत, उलट प्रश्न विचारतात. पितरांच्या सणाच्या आदल्या दिवशी एक फोन आला, मी शेजारीच होतो.

"तुमच्या वडिलांना काय आवडायचं?" ग्युसोकनं विचारलं.

पलीकडनं घुश्शात उत्तर आलं, "पाकिटातल्या शेवया! दुसरं काय?"

"मग त्या ठेवा."

"अहो सर, पण पूर्वेला की पश्चिमेला?"

ग्युसोकनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, म्हणजे परवानगी दिली.

"त्यांच्या हाताला येतील तिथं," तो म्हणाला. "आणि गरम ठेवा."