निवडून आला की माणूस मधे येतो

आमच्या साडूंइतका समतोल माणूस उभ्या खानदेशात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका डोक्याला ताप देणाराही. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, त्यांना दिलेली. नरडाण्याजवळ, हायवेपासून थोडं आत त्यांचं गाव आहे. मी जळगावचा. मी त्यांना नाना म्हणतो आणि लग्न झाल्यापासून त्यांच्याशी वाद घालत आलो आहे. म्हणजे वाद मीच घालतो. ते "तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे" एवढं म्हणतात आणि आत चहा सांगतात. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा. त्यात माझ्याशी बोलताना ते जपून शुद्ध मराठी बोलतात, पाहुण्याचा मान म्हणून, त्यामुळे माझा आवाज चढला की मीच गावंढळ ठरतो.

त्यांना चहा गोड चालत नाही आणि फिकाही चालत नाही. साखर किती विचारलं तर उत्तर येतं, "बेताची." आता बेत कुणाचा, ते अक्काला अजून कळलेलं नाही. एकदा शेजाऱ्याच्या शेळ्या त्यांच्या कपाशीत शिरल्या. दुसरा कोणी असता तर दगड घेऊन धावला असता. नाना शेजाऱ्याकडे गेले आणि बांधावर बसून त्याची बाजू ऐकून घेऊ लागले. कुंपण कसं मोडलं, पोरगं कसं झोपलं, शेळ्यांची जात कशी खोडकर, सगळं शांतपणे ऐकलं. ऐकून होईपर्यंत शेळ्यांचंही खाऊन झालं होतं. दिवाळीला सून सुरतेहून आली तेव्हा तिची आणि अक्काची चिवड्यात खोबरं घालण्यावरून जुंपली. नानांनी दोघींना समोर बसवलं आणि "दोघींचं बरोबर आहे" असा निकाल दिला. दोघींचा तिथल्या तिथे समेट झाला आणि दोघी मिळून नानांवर उलटल्या. त्या दिवशी नानांनी शेव-मुरमुऱ्यांवर भागवलं.

हे सगळं घरापुरतं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण नाना मतदार आहेत, आणि तेही कुठल्याच बाजूचे नसलेले. त्यामुळे निवडणूक आली की सगळे उमेदवार त्यांच्या मागे. नानांनी यावरून एक प्रथाच पाडली. हिवाळ्यात निवडणूक असली की ते प्रत्येक उमेदवाराला आपल्या शेतात भरीत खायला बोलावतात. वांगी जळगावकडचीच लागतात, म्हणून ती टोपली घेऊन रेल्वेने यायचं काम माझं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, मिरची-लसूण घालून ठेचायची, वर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. आज हा उमेदवार, परवा तो. वाढप सगळ्यांना सारखं. विचारायचं कुणालाच काही नाही. "मग बोलावता कशाला?" असं मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "ऐकायला." माझ्या डोळ्यांसमोर शेळ्या आल्या.

मागच्या निवडणुकीत एक उमेदवार असाच जेवायला बसला होता. मवाळ माणूस, बोलणं मोजकं, आल्याआल्या नानांच्या पाया पडलेला. दुसरी पुरी घेताना तो चारचौघांत म्हणाला, की आपलं सरकार आलं तर ज्या गावांत मुलं कमी तिथल्या शाळा बंद करून मुलं मोठ्या गावच्या शाळेत घालायची. त्याने काही आडपडदा ठेवला नाही. पुऱ्या वाढणारी अक्का थांबली. तिची नात गावातल्याच शाळेत पहिलीत होती, आणि तिच्या वर्गात पोरं कमी आणि पाट्या जास्त.

"आमनी बी का?" अक्काने विचारलं.

"हो अक्का, तुमचीपण," तो म्हणाला. त्याच्या खरेपणाबद्दल माझी काही तक्रार नाही.

जेवणं झाल्यावर मी नानांना गाठलं. म्हटलं, ऐकलंत ना? ते बडीशेप चघळत म्हणाले, "निवडणुकीत असं बोलावं लागतं हो. निवडून आला की माणूस मधे येतो." मधे म्हणजे जिथे नाना बसलेले असतात तिथे. साऱ्या जगाला शेवटी आपल्याच ओसरीवर येऊन टेकायचं आहे, अशी त्यांची खात्री. त्यांनी मत त्यालाच दिलं. दुसरा उमेदवार ओरडून बोलतो, हे कारण.

तो निवडून आला, त्याचं सरकार आलं, आणि त्याने जे सांगितलं होतं तेच केलं. उन्हाळ्यात आदेश निघाला आणि गावच्या शाळेला कुलूप लागलं. मोठं गाव हायवेच्या पलीकडे. त्या हायवेवरून कंटेनर असे जातात की मोठ्या माणसाची छाती दडपते, तिथे दुसरीतली पोर काय ओलांडणार? आणि रोज सोडायला जाणार कोण? अक्काचे गुडघे गेलेले, नानांना एका डोळ्याने दिसत नाही. मुलगा आणि सून सुरतेला कापडाच्या कारखान्यात. पोरगी चालायला लागली तेव्हापासून या दोघांकडे. त्या घरात सकाळ तिच्या वेणीपासून सुरू होते. मुलाचा फोन आला, शाळा नाही तर तिला सुरतेला घेऊन जातो.

नाना मला म्हणाले, "असं करतील असं वाटलं नव्हतं."

मी उसळलो. म्हटलं, नाना, तुमच्या शेतात बसून, तुमचं भरीत खात त्याने सांगितलं. वांगी मी आणली होती. यावर ते म्हणाले, "मी मत माणसाला दिलं, त्याच्या भाषणाला नाही." कपाळावर हात मारून घेतला मी.

तरी ते त्या माणसाला भेटायला गेले. त्याने मानाने बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "नाना, मी तुमच्यापासून काही लपवलं होतं का? तुम्ही त्या दिवशी नको म्हणाला असतात तर मी तुमच्या गावापुरता विचार केला असता. तुम्ही तर मला अजून वाढत होता." नानांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं, आणि वर म्हणाले की त्याचंही बरोबर आहे. त्या दिवसापासून अक्काने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला फोनवर म्हणाली, "ह्या मानूसले बठ्ठास्नं समजस, फक्त आपलं नही." सगळ्यांचं कळतं, आपल्या घरचं तेवढं नाही.

जूनमध्ये मुलगा पोरीला न्यायला आला. मीही नरडाण्याच्या स्टेशनावर गेलो. पोरीच्या पाठीला दप्तर, हातात चिवड्याची पिशवी. गाडीला वेळ होता. तिने नानांचा सदरा ओढून आपल्या शाळेचं विचारलं, "आबा, मनी शाया कोन्ही बंद करी?"

आता काय येणार ते मला पाठ होतं. परिस्थिती, मागचं सरकार, आताचं सरकार, दोन्हीकडच्या चुका. नानांनी अक्काकडे पाहिलं, मग खाली वाकले.

"मी बी करी, बेटा," ते म्हणाले. "त्यानी सांगेल व्हतं. माले ठाऊक व्हतं, तरी बी."

पोरीने थोडा विचार केला. "मंग तूच उघाडी टाक ना."

नानांनी तिच्या पाठीवरचं दप्तर सारखं केलं. 'मीही केली' हे एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं घसा फोडला होता. ते ऐकलं आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. वाटलं, आजच्या दिवस तरी म्हणायचं होतं नाना, दोघांचं बरोबर आहे म्हणून. मी एक शब्दही बोललो नसतो.

गाडी आली आणि गेली. खिडकीतला छोटा हात दिसेनासा झाला तरी नाना रुळांकडे बघत उभे होते. अक्काने त्यांची बाही धरली आणि अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली.

"चाला घर," ती म्हणाली. मग दोघं सावकाश, एकमेकांना धरून जिन्याकडे निघाले.