माप घेतल्याशिवाय आकडा

कुपवाडच्या एका कारखान्यात मी तपासनीस. प्रेसमधून निघालेला पत्र्याचा तुकडा ऑपरेटरने दर तासाला मापायचा, आकडा तक्त्यात लिहायचा आणि मी तो तपासायचा. पण माणसं लय लबाड. शिफ्ट संपताना चहा पीत पीत बसल्या जागी आठही तासांचे आकडे भरून टाकायची. मी ते लांबूनच ओळखायचो. एकच पेन, एकसारखं अक्षर, कागदाला तेलाचा एक डाग नाही. ‘माप घेतल्याशिवाय आकडा लिहायचा नाही’ असं ओरडून मी भर कारखान्यात लोकांचे तक्ते फाडलेत.

त्या सकाळी गेटवर माल न्यायला गाडी येऊन उभी होती. सात वर्षं माझ्या हाताखाली असलेल्या ऑपरेटरला मी जाता जाता म्हणालो, “आज हात चालव रं जरा.” थोड्याच वेळात प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मशीन उघडल्यावर आतला एक भाग तुटलेला सापडला, हे सगळ्यांना कळलं, मलाही कळलं. पण माझ्या डोक्यात एकच बसलं, मी म्हणालो म्हणून झालं.

त्यानंतर प्रेसचा आवाज आला की छातीत धडधड सुरू व्हायची, घाम फुटायचा. मी त्या बाजूला जाणंच सोडलं. दवाखान्यात त्याला बघायलाही गेलो नाही. तो औंधजवळच्या त्याच्या गावी परत गेला, तरी नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, तुम्ही विश्रामबागेत मानसोपचाराला जा. मी घरी येऊन बोंब ठोकली, “मी काय येडा हाय का?” बायको शांतपणे म्हणाली, “आवं, न्हाई ना येडं? मग जाऊन यायला काय जातंय?”

उपचार करणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची. ही काय मला शिकवणार, असं मनात म्हणतच बसलो. गोळी द्या आणि मोकळं करा, म्हणालो. ती म्हणाली, “काका, हे गिळायचं औषध नाही, करायचं आहे. याला सीबीटी म्हणतात. घडतं एक आणि आपण त्याचा अर्थ लावतो दुसराच. त्या अर्थाची भीती वाटते म्हणून आपण टाळत जातो. टाळलं की तो अर्थ खरा की खोटा, हे कधी तपासलंच जात नाही.” मग तिने एका कागदावर रकाने आखून दिले. काय घडलं, मनात काय आलं, ते शंभरातलं किती खरं वाटतं, पुरावा काय. त्रास होईल तेव्हा तिथल्या तिथे लिहायचं.

मी काय करावं? आठवडाभर कागद कपाटावर. जायच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता सातही दिवस भरून टाकले. भीती वाटली, भीती वाटली, भीती वाटली.

तिने कागद उजेडात धरला. “काका, सातही दिवस एकाच बैठकीत?”

कानशिलं तापली माझी. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ज्यासाठी दुसऱ्यांचे तक्ते फाडले, तेच मी केलं होतं. तिने मात्र फाडला नाही. कोरा कागद पुढे सरकवला.

तेव्हापासून कागद शर्टाच्या खिशात. धडधड सुरू झाली की तिथेच भिंतीला टेकवून लिहायचो. ताजं लिहिलेलं निराळंच निघालं. भीतीचं नावही नव्हतं. ‘मी हात चालव म्हणालो.’ ‘तो माझं तोंड बघणार नाही.’ पहिल्यासमोर तुटलेल्या भागाचा पुरावा लिहिता लिहिता महिनाभरात आकडा नव्वदवरून चाळीसावर आला. मी प्रेसच्या बाजूला जाऊन पाच मिनिटं, मग दहा मिनिटं उभा राहू लागलो. दुसरा आकडा मात्र पंच्याण्णववरच.

“हे मापलंय का तुम्ही?” तिने विचारलं.

नव्हतं मापलं.

रविवारी पिशवीत भडंग घेतलं आणि एसटीने त्या ऑपरेटरच्या गावाला निघालो. बोटं जाऊन आठ महिने झाले होते. विट्यात उतरून माघारी फिरावंसं वाटलं, तेही कागदावर लिहिलं. तो गोठ्यापुढे डाव्या हाताने वैरण टाकत होता. मला बघून थांबला. “या,” एवढंच म्हणाला. त्याच्या बायकोने पाणी दिलं. तांब्या खाली ठेवून मी म्हणालो, “त्या दिवशी मी तुला हात चालव म्हणालो होतो.”

“ते व्हय? ते तर तुमी रोजच म्हनायचा की.” तो जरा हसला. मग हसणं गेलं. “सायेब, दवाखान्यात समदी आली. तुमी न्हाई आला. रोज दाराकडं बघायचो. म्हनलं, माजीच कायतरी चूक झाली आसंल. सायबांनी ती धरली, म्हनून माजं तोंड बघंनात.”

तिकडे मी स्वतःला कोसत होतो आणि इकडे त्यापायी हा स्वतःला गुन्हेगार ठरवून बसला होता. “गड्या, चूक तुझी नव्हती रं,” मी म्हणालो आणि रडलो. त्याची बायको चहा घेऊन दारातच थांबली.

थोड्या वेळाने खिशातला कागद काढला.

“काय लिवताय?” त्याने विचारलं.

“माप घेतोय. तुझी चूक मी धरली, असं तुला किती वाटत होतं? शंभरातलं सांग.”

तो उरलेल्या तीन बोटांकडे बघत राहिला.

“शंबर,” तो म्हणाला. मी तो आकडा तिथेच लिहिला.