सुजाताबाईंचे पत्ते आणि बाबांचा कौल

रायपूरला समता कॉलनीतल्या आमच्या शेजारीण सुजाताबाई मूळच्या अमरावतीच्या, छत्तीसगडच्या मंत्रालयात नोकरीला. रोज सकाळी चहाबरोबर टॅरोच्या चित्रांच्या गड्डीतला एक पत्ता काढायच्या, तो बघून मनात येईल ते वहीत लिहायच्या आणि नव्या रायपूरची बस पकडायच्या. नवरा गेल्यावर याच सवयीनं त्यांना सावरलं होतं. भविष्य विचारायला कुणी आलं, की सरळ वाटेला लावत. मला हे सगळे रिकामटेकडे चाळे वाटत, आणि तसं मी बोलूनही दाखवी.

त्या दिवशी दहा वाजता बाबांना बायपाससाठी भरती करायचं होतं. सकाळी आठला ते सुजाताबाईंकडे गेले आणि त्यांच्या गड्डीतला एक पत्ता उचलून परत आले. पांढऱ्या घोड्यावर सांगाडा, खाली लिहिलेलं मृत्यू. आमच्या गावी देवाला कौल लावतात आणि मिळालेला कौल कुणी मोडत नाही. बाबांनी त्या पत्त्यालाही कौलच मानलं. "जात नाही मी," म्हणाले आणि खुर्चीत बसले. आठवडाही थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

माझं डोकंच फिरलं. सुजाताबाईंना बोलावून मी तोंडाला येईल ते बोलले. पत्ता शुभ आहे असं खोटं तरी सांगा, म्हणून दटावलं. त्यांनी ऐकलं नाही. साडेनऊ होत आले होते. पत्ता बाबांसमोर ठेवून त्यांनी विचारलं, "काका, यात पहिले काय दिसलं तुमाले?"

बाबांनी कोपऱ्यातल्या लहान मुलावर बोट ठेवलं. "हे पोट्टं. याले कोणी काही सांगितलंच नाही."

मग बोलत गेले. ते सहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांना ऑपरेशनसाठी नागपूरला नेलं आणि यांना शेजारी खेळायला पाठवलं. वडील परतलेच नाहीत. हे कित्येक दिवस फाटकाशी उभे राहत. इतक्या वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

मला शरमेनं वर बघवेना. माझी ओवीही सहाच वर्षांची, आणि आजोबा जवळच अभनपूरला चाललेत अशी थाप मारून मी तिला सकाळीच शहरातल्या तात्यापाऱ्यात तिच्या आत्याकडे पाठवलं होतं.

तिला आणेपर्यंत दहा वाजून गेले. बाबांनी तिला जवळ घेतलं. "माह्या छातीचं ऑपरेशन आहे. मले भीती वाटून राहिली. तरी जातो."

"वापस आओगे ना?" तिनं विचारलं.

"माहीत नाही, बेटा."

ओवी रडली. बाबाही रडले. मग स्वतःच उठून ते ऑटोत जाऊन बसले.