बाई बसल्या

माझा मामा पोलिसांच्या श्वानपथकात होता आणि आपल्या कुत्रीला अहो-जाहो करायचा. "बाई, जरा या पेटीकडे बघता का?" असं. बरोबरचे हवालदार पोट धरून हसायचे. मामाला त्याचं काही नसायचं. "माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं," म्हणायचा, "मग मान नको द्यायला?"

गांजाचा वास आला की बाई भुंकायच्या नाहीत, ओरबाडायच्या नाहीत. गपचूप खाली बसायच्या. बसल्या की मामानं तिथल्या तिथे खिशातला लाल चेंडू द्यायचा. चेंडू चुकवला तर खरं सांगून उपयोग नाही असं कुत्रं शिकतं, आणि ते नाक कामातून जातं. सात वर्षांत मामानं एकदाही चेंडू चुकवला नव्हता.

मी वकिलीचं शिकत होते. गांजावरची बंदी उठवावी की नाही यावर त्या वर्षी सरकार लोकांची मतं मागवत होतं, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज लढाई. मी म्हणायचे, बंदीनं माल थांबत नाही, चोरवाटेनं येतो. अडकतात ती आजारी माणसं. मामा पाण्याचा पेला खाली ठेवायचा. "तू पुस्तकं वाचलीस. मी पंधरा-पंधरा वर्षांची पोरं गटारातून उचललीत." पण गप्प बसेन तर ती मी कसली!

आजीच्या, म्हणजे मामाच्या आईच्या, हाडांत कॅन्सर पसरला होता. कूस बदलताना ती उशीचं टोक दातांत धरायची. डॉक्टरांच्या गोळ्या पोटात टिकेनात. शेवटी मी गांजाच्या तेलाची एक बाटली आणली. कुठून ते विचारू नका. दोन थेंब जिभेखाली, आणि आजी चार महिन्यांत पहिल्यांदा घोरली. मामाला आम्ही दोघींनी पत्ता लागू दिला नाही.

घोळ आजीनंच घातला. लेकाच्या तोंडून बाईंचं कौतुक ऐकून ऐकून तिला राहवेना. "अरे, त्या तुझ्या बाईंना एकदा घरी आण की. मी जायच्या आत बघू तरी दे." उशीखालच्या बाटलीचं आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी दुपारी मामा बाईंना घेऊन आला. बाईंनी खोली हुंगली, कॉटकडे गेल्या आणि आजीच्या उशाशी खाली बसल्या.

"किती गुणाची गं! कशी बसली बघ माझ्यापाशी," आजी म्हणाली.

मामाचा हात खिशाशी थांबला. 'चला बाई' म्हणून तो निघून गेला असता तर कुणाला कळणार होतं? नोकरी राहिली असती, बाई राहिल्या असत्या, आईचं औषधही राहिलं असतं. बाई मान वर करून त्याच्याकडे बघत होत्या.

त्यानं चेंडू काढला. "शाब्बास, बाई," म्हणाला.

मग तो कॉटच्या कडेला टेकला. आजीला आता कुठे उमगलं. "मीच मागवलं रे," ती म्हणाली. "लिही माझं नाव."

"आणलं मी," मी म्हणाले.

तिचा डोळा लागेपर्यंत तो तिचे पाय चेपत राहिला. मग वही काढून त्यानं दोन्ही नावं लिहिली. मी थक्क होऊन बघत राहिले; रागही आला नाही.

दुसऱ्या दिवशी अहवाल वाचून साहेब म्हणाले, "अहो, फाडा हे. कुत्री चुकली म्हणा."

"बाई चुकत नाहीत, साहेब."

मामा निलंबित झाला. बाई दुसऱ्याच्या हाती गेल्या. लाल चेंडू मामानं स्वतः त्याला दिला. खटल्यापायी माझी वकिली दोन वर्षं लांबली. सरकारी सुनावणीत बंदी उठवा म्हणणाऱ्या आमच्या गटानं मामाला मोठ्या आशेनं बोलावलं, तर हा उभा राहून सरळ म्हणाला, "मी अजून बंदीच्याच बाजूचा आहे." मी कपाळावर हात मारून घेतला.

मग अध्यक्षांनी त्याचा अहवाल मोठ्यानं वाचायला घेतला. ठिकाण, वेळ, दोन्ही नावं, सगळं बिनचूक. 'जप्त केलेला माल' या रकान्यापाशी ते अडखळले आणि चष्मा नीट करून त्यांनी पुन्हा वाचलं: "जप्त केला नाही. आईला झोप लागली आहे."