बाबांनी सांगितलेली नावं

अकोल्याहून निघाले त्या दिवशी बाबांनी प्लॅटफॉर्मवर बसून माझ्या बॅगेवर नाव लिहिलं. पांढरा ऑइलपेंट, बारका ब्रश आणि मांडीवर आडवी धरलेली नवीकोरी बॅग. मुंबईची गाडी यायला जेमतेम वीस मिनिटं होती. "बाबा, वाळत नाही आता हे, लोकं पाहून राहिले," मी कुरकुरले. "पाहू दे," म्हणाले, आणि शेवटचं अक्षर तब्येतीत पूर्ण केलं. मूर्तिजापूरच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेला माणूस. गावातल्या निम्म्या लग्नपत्रिका त्यांच्या हातच्या. आई पदराने डोळे पुसत होती, आणि मला रडू येत नाही म्हणून मी स्वतःवरच चिडले होते. नवऱ्याच्या नोकरीपायी डच मुलखात, आइंडहोवनला चालले होते. दोन वर्षांत परत येतो, असं सगळ्यांना सांगितलं होतं. तुमच्यातले जे बाहेर पडले, त्यांनीही असंच काहीतरी सांगितलं असेल. मला एकवीस वर्षं झाली.

या एकवीस वर्षांत मी सायकलवर बसून भर पावसात ऑफिसला जायला शिकले, गेमेंटेचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे, फॉर्म डचमध्ये भरायला शिकले, आणि घर म्हणजे रविवारचा व्हिडिओ कॉल हेही शिकले. तिकडची आणखी एक गोष्ट मनापासून आवडली. शेजारच्या मारायकेच्या लग्नाच्या जेवणात माझ्या ताटलीपुढे माझ्या नावाचं कार्ड उभं होतं. आपण येणार हे धरून कोणीतरी आपली जागा आधीच ठरवली आहे, याचं मला भलतंच अप्रूप वाटलं. आमच्याकडे पंगतीत मिळेल तिथे बूड टेकवायचं आणि शेजारच्याला सरक म्हणायचं. घरी येऊन मी जाड कागद आणला, बाबांनी शिकवलेलं कटनिबचं अक्षर आठवून आठवून गिरवलं. मग तिथल्या मराठी मंडळींच्या डोहाळजेवणापासून वाढदिवसापर्यंत सगळी कार्डं माझ्याकडे यायला लागली. मी फार मिरवलं त्यावरून.

म्हणून बाबांची पंच्याहत्तरी ठरली तेव्हा मी जाहीर करून टाकलं की आमंत्रणं मी हाताने करणार, आणि जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाच्या नावाचं कार्डसुद्धा. "बाबा, तुमी फक्त नावं सांगा."

आईला ते पटलं नाही. "एकेकाच्या नावानं कार्ड? आपल्याकडं चूलबंद आवतन असते, बाई. घरच्या घर बोलवाचं, त्या दिशी त्यायच्या घरी चूल पेटाची नाही. एकालेच कार्ड देल्लं तं बाकीचे रुसतीन ना." मी हसून सोडून दिलं. बाबा मात्र खूश झाले. कॅमेऱ्यात अर्धं कपाळ आणि वर फिरणारा पंखा एवढंच दिसायचं, पण आवाज अगदी वर्गातला.

"लिही. माह्या उजव्या हाताले नामदेवभाऊ. त्यायले वरणात तूप जास्त लागते. त्यायच्या बाजूले बाळापूरचे गोविंदराव. त्यायच्या समोर वच्छलाबाई, तिले खुर्ची भिंतीकडची दे, वारा सहन होत नाही." एकेका नावासोबत माणूस उभा राहत होता. मी लिहीत गेले. वीस नावं झाली.

नामदेवभाऊ मी शाळेत होते तेव्हाच म्हातारे होते. मनात हिशेब केला आणि चरकले. आईला हळूच विचारलं. ती म्हणाली, "घराले नाव त्यायचंच हाय ना. त्यायचे पोरं येतीन." हे खरंच होतं. आमच्याकडे माणूस जातो, पण घर वर्षानुवर्षं त्याच्याच नावाने ओळखलं जातं. आवतन देताना अजून नामदेवभाऊच्या घरी, गोविंदरावाच्या घरी असंच म्हणतात. मी निश्चिंत झाले. मला निश्चिंत व्हायचंच होतं, हे आता कबूल करते.

कारण पुढच्या रविवारी बाबांनी तीच यादी पुन्हा सांगितली. त्याच क्रमाने, तेच तूप, तोच वारा. "झालं ना लिहून, बाबा," म्हटलं तर म्हणाले, "कधी? आत्ता तं सांगून राहिलो." तिसऱ्या रविवारी पुन्हा. त्या वेळी फोनवर आईचा हात आला. "थकले हायेत ते. ऊन लय हाय इकडं," ती म्हणाली आणि फोन बंद झाला. बाहेर बर्फ पडत होता. मी खिडकीशी थोडा वेळ उभी राहिले, मग परत टेबलाशी जाऊन नामदेवभाऊंच्या नावाखाली सोनेरी रेघ ओढली. वीस आमंत्रणं पार्सलने पुढे पाठवली. टेबलावरची कार्डं स्वतःबरोबर नेणार होते.

अकोल्याच्या घरी पोहोचले तेव्हा दार बाबांनीच उघडलं. "या, या," म्हणाले. "बसा." मागून आई धावत आली. "अवो, अर्चना आली, अर्चना!" ते हसले. "हो तं. अर्चना." मी त्याला थट्टा समजले. आयुष्यभर ते अशीच तोंड सरळ ठेवून थट्टा करत आले होते. आईने तोंड फिरवलं होतं, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी आईने मला कपाटातून चादर काढायला पाठवलं. चादरींच्या घडीखाली माझी आमंत्रणं होती. लोकरीच्या धाग्याने बांधलेली, अकरा. प्रत्येकाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं, वाटायला निघालेल्या पत्रिकेला लावतात तसं. पहिलंच नामदेवभाऊंचं. मी अकराही नावं वाचली, सगळी म्हाताऱ्या माणसांची. चादर घ्यायचं विसरून तो गठ्ठा तसाच घेऊन स्वयंपाकघरात गेले.

आई पातोडीचं बेसन थापत होती. तिने गठ्ठा पाहिला, पण हात थांबवले नाहीत.

"अकराही जण गेले?"

"गेले. गोविंदराव तं तू गेली त्याच सालात."

"मग कुंकू काहून लावलं?"

"तुहे बाबा समोर बसून राहत. लाव म्हणत. वाटल्या का म्हणून रोज इचारत. गेलेल्या माणसाचं कार्ड त्याच्या पोरायले देऊ कशी? अन् फेकू कशी, तुह्या हातचं होतं." तिने बेसनाची कड सारखी केली आणि म्हणाली, "दोन वर्षं झाली. आधी चष्मा कुठं ठेवला ते भुलत. आता रस्ता भुलते. एक डाव नेहरू पार्कातून पोलिसायनं आणून सोडलं."

"मले सांगितलं काहून नाही?"

आता तिने वर पाहिलं. "तुले सांगून काय झालं असतं? तू आली असती, धा दिस रडली असती, अन् गेली असती. मंग मले दोघायची काळजी."

मला राग आला होता आणि तो कुठे काढावा ते कळत नव्हतं, कारण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी अगदी दहाच दिवसांची रजा घेऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मी नऊच कार्डं मांडली. उरलेली अकरा पर्समध्ये ठेवली होती. बाबा नवा कुडता घालून टेबलाभोवती फिरले, एक फेरी, दोन फेऱ्या. मग खुर्चीची पाठ पकडून थांबले. "इथं नामदेवभाऊ बसते. कार्ड कुठं आहे त्यायचं? कोनी उचललं?" आवाज चढला. आलेले लोक वळून बघायला लागले. आईने माझ्याकडे पाहिलं. "लाव, बाई," ती म्हणाली.

मी लावली. एकेक कार्ड, बाबा सांगतील त्या खुर्चीपुढे. मोर्शीहून आलेल्या शांताकाकूंनी, म्हणजे बाबांच्या भावजयीने, दोन नावं वाचली आणि माझं मनगट धरलं. "अवं, हे काय करून राहिली तू? जित्या माणसाचा वाढदिवस हाय का पितरं हायेत?" मी मनगट सोडवून पुढचं कार्ड लावलं. वाढप्यांना काय माहीत, त्यांनी घरच्यांच्या ताटांबरोबर कार्डांपुढची वीसही ताटं वाढली. नऊ ताटांपुढे माणसं बसली, मान खाली घालून. मधल्या अकरा ताटांतल्या वरणावर साय धरत चालली. गेलेल्या माणसांना मी परदेशी कागदावर, सोनेरी रेघ ओढून बोलावलं होतं, आणि आता तेच येतील की काय अशा नजरेने सगळे दाराकडे बघत होते. बाबा सोडून. ते कौतुकाने टेबलाकडे बघत होते.

मी त्यांच्या डाव्या बाजूच्या, कार्ड नसलेल्या रिकाम्या खुर्चीवर बसले. त्यांनी सावकाश माझ्याकडे वळून पाहिलं.

"तुमी तिकडं बसा, बाई. ही जागा माह्या पोरीची आहे. परदेशात राहते. आज येणार आहे ती."

आई काही बोलायला गेली. मी मानेनेच नको म्हटलं आणि उठले.

"अन् तिचं कार्ड राहिलं," ते काळजीने म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे. एवढं लिहून द्या. अर्चना."

कोरं कार्ड पर्समध्ये होतं. मी उभ्या उभ्याच लिहिलं. त्यांनी ते हातात घेऊन दूर धरलं, जवळ धरलं, वर्गात वही तपासावी तसं. "चांगलं वळण आहे. कोनी शिकवलं?"

"माह्या बाबांनी," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि कार्ड त्या खुर्चीपुढे उभं केलं.

त्यांच्या जवळची दुसरी रिकामी खुर्ची नामदेवभाऊंची होती. मी तिथे बसले. बाबांनी माझ्या वरणावर आणखी एक चमचा तूप घातलं आणि मग दाराकडे तोंड करून बसले. जेवण उरकलं, लोक पाया पडून गेले, तरी त्यांनी पोरीच्या खुर्चीपुढचं ताट उचलू दिलं नाही.

रजा आता वाढवली आहे. ती संपल्यावर काय, हे मी कोणाला सांगू शकत नाही. आइंडहोवनहून नवरा विचारतो, इथे आई विचारतच नाही. रोज संध्याकाळी बाबा घरापुढच्या ओट्यावर बसतात, मी त्यांच्या शेजारी बसते, आणि ते मला माझ्याबद्दल सांगतात: पोरगी हुशार आहे, हट्टी आहे, येतो म्हणाली आहे. घर म्हणजे आपली वाट पाहणारं कोणीतरी, असं मी तिकडे लोकांना सांगत असे. ते खरं आहे. बाबा अजून माझी वाट पाहतात, आणि मी त्यांच्या शेजारी बसून ती त्यांच्यासोबत पाहते.