उभ्या गाडीचे किलोमीटर

त्यांना सगळे चेकरसाहेब म्हणत. बसमधली तिकिटं तपासण्यात त्यांची हयात गेली. मधल्याच थांब्यावर चढायचं, आत एकदा नजर फिरवायची आणि कोण उगाच खिडकीबाहेर बघायला लागलं ते हेरायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर काम सुटलं, नजर काही सुटली नाही. दूधवाल्याचं माप, वाण्याचा काटा, लिफ्टमधल्या आरशामागचा खिळा, कशावरही त्यांचा भरवसा नसे. बायको म्हणायची, "यांना देव भेटला तर आधी ओळखपत्र मागतील."

निवृत्तीनंतर दोघं मुलीकडे राहायला आली. मुलगी फिजिओथेरपिस्ट. हाड मोडलेल्या, अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन व्यायाम द्यायची. जावयाचं चौकापलीकडे चष्म्याचं दुकान. माणूस अबोल. दुपारी जेवायला पायी यायचा, पायी जायचा आणि जाता-येता त्याच्या खांद्याला एक जाड काळी बॅग असायची. जावयाच्या घरी राहणं चेकरसाहेबांना आतून टोचत होतं. तो वावगं काही बोलला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पण तो बोलायचाच नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत बसमध्येच पक्कं झालेलं होतं.

अशात मुलीनं विजेवर चालणारी गाडी घेतली.

पहिल्याच दिवशी चेकरसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून गाडीतला स्टिअरिंगजवळचा आकड्यांचा पडदा वाचला. "विकणारा एका चार्जिंगला चारशे म्हणत होता. इथे तीनशे दहाच दिसतात. नव्वद किलोमीटर वाटेतच खाल्ले?"

"बाबा, चारशे हा परीक्षेतला आकडा. एका ठरावीक पद्धतीनं गाडी चालवून काढलेला. आपल्या रस्त्यावर तेवढा मिळत नाही."

चार दिवसांनी मुलगी हमरस्त्यानं लांबच्या पेशंटकडे जाऊन आली. रात्रभर चार्जिंग होऊनही सकाळी आकडा दोनशे साठ.

"हे बघ. टाकी भरलेली, आणि किलोमीटर कमी."

"टाकी नाही हो ती. काल मी वेगात गेले, चढही होता. मागचे काही दिवस गाडी कशी चालली ते बघून ती पुढचा अंदाज बांधते. दोन दिवस गावात सावकाश फिरले की आकडा वाढेल."

"अंदाज," चेकरसाहेब म्हणाले. "अंदाजावर मी आयुष्यात कोणाला सोडलं नाही."

आकडा दोन दिवसांनी खरंच वाढला. त्यानं त्यांचा संशय कमी झाला नाही, उलट बळावला. कमी होणारी वस्तू समजते, आपोआप वाढणारी कशी समजायची?

मुलगी सकाळचे पेशंट करून दुपारी घरी येई आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडे. मधल्या वेळात गाडी आवारात उभी. एका दुपारी जावई काचांचं पार्सल आणायला गाडी घेऊन गेला. सांगून गेला होता, पण सांगितलं ते स्वतःच्या बायकोला, सासऱ्यांना नाही. चेकरसाहेबांनी खिडकीतून गाडी बाहेर पडताना पाहिली आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या चाकावर आणि त्याच्या खालच्या फरशीवर खडूची एक सरळ रेघ ओढली. गाडी जराही हलली असती तर रेघ जुळली नसती. मग दुसरी किल्ली घेऊन ते स्वतःच गाडीत पाळतीवर बसले.

दुपारी आवार तव्यासारखं तापलेलं असे. त्यांनी एसी लावला. घरात एसी नव्हता; मुलगी घेऊ म्हणाली तेव्हा त्यांनीच "कशाला उगाच" म्हणून मोडता घातला होता. सीट मागे झुकत होती. बसमध्ये पस्तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला अशी सीट म्हणजे घातच. त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा त्यांनी आधी पडदा पाहिला. बसताना एकशे चाळीस होते, आता एकशे बावीस. खाली उतरून चाक पाहिलं. रेघ जिथल्या तिथे.

ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. गाडी जागची हलली नाही, मग किलोमीटर गेले कुठे?

उत्तर त्यांना रात्रीच्या जेवणाच्या वेळी मिळालं, म्हणजे मिळालं असं त्यांना वाटलं. जावई कधी नव्हे ते आपणहून बोलला. दुकानात वीज सारखी जाते, काचा घासायचं मशीन बंद पडतं, असं म्हणाला. आणि पुढे म्हणाला, "आपल्या गाडीतून म्हणे बाहेर वीज घेता येते. मिक्सरसुद्धा चालतो."

चेकरसाहेबांचा घास हातातच राहिला. त्यांची नजर दाराजवळच्या काळ्या बॅगेवर गेली.

पुढे दहा-बारा दिवस हेच चाललं. रेघ ओढायची, एसी लावून दबा धरायचा, आणि आपला डोळा लागला की तेवढ्यात जावई डाव साधतो असं स्वतःला पटवायचं. जागं राहायला त्यांनी रेडिओ लावून पाहिला, वर्तमानपत्र नेलं. ऊन वाढलं तसा एसी वाढला. आकडा रोज थोडा जास्त घसरू लागला. जिन्यात जावयाची गाठ पडली की ते विचारत, "आज बॅग जड दिसते?"

"रोजचीच आहे, बाबा."

हे उत्तर त्यांना फार तयारीचं वाटे.

बायकोला त्यांनी विश्वासात घेतलं. ती भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, बॅगेत वीज भरून नेतात? मग त्याच्या अंगावरचे केस उभे राहिलेले दिसायला हवेत."

"तुला यातलं कळत नाही."

"तुम्हाला कळतं?"

एका संध्याकाळी मुलीला टेकडीपलीकडच्या एका आजींकडे जावं लागलं. नेहमीच्या हिशेबानं गाडी आरामात जाऊन आली असती. पण निघतानाच आकडा कमी होता, आणि परतीच्या निम्म्या वाटेवर गाडी सूचना द्यायला लागली. वाटेतलं चार्जिंगचं ठिकाण बंद होतं. तिनं एसी बंद केला, काचा किंचित उघडल्या, आणि एका मालट्रकच्या मागे मागे, ब्रेक लागू नये म्हणून लांबूनच पाय उचलत, जीव मुठीत धरून ती घरी पोचली. पडद्यावर आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा होत्या. घरात शिरली तेव्हा ओढणी घामानं भिजलेली होती.

चेकरसाहेब उठून उभे राहिले. इतके दिवस पुराव्यासाठी थांबले होते, आता त्यांना राहवलं नाही.

"विचार तुझ्या नवऱ्याला. रोज दुपारी गाडीतली वीज कोण काढतं ते विचार. जावईबापू, बॅग उघडा."

जावयानं सासऱ्यांकडे पाहिलं, मग बॅग टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. काचांची खोकी, दुरुस्तीला आलेल्या मोडक्या फ्रेम, स्क्रू-ड्रायव्हरची पेटी, रिकामा डबा. शेवटी बॅग उलटी करून झटकली. एक बारीक स्क्रू टणकन फरशीवर पडला. तो वाकून शोधायला लागला.

"पुरे," मुलगी म्हणाली. "बाबा, खाली चला."

आवारात गाडीत बसून तिनं पडद्यावरची पानं उलटली. एका पानावर वीज कुठे कुठे गेली ते रंगवून दाखवलं होतं. चाकांना इतकी, एसीला इतकी. एसीचा पट्टा चाकांच्या पट्ट्याच्या जवळपास पोचला होता.

"मी पेशंटकडे जाताना एवढा एसी लावत नाही," ती म्हणाली. "दुपारी गाडीत कोण बसतं?"

चेकरसाहेब चष्मा काढून पुसायला लागले.

"गाडीच्या पोटात किलोमीटर नसतात, बाबा. वीज असते. ती चाकाला द्या नाहीतर गारव्याला, संपते ती संपतेच. आणि गाडी उभी राहून वीज खायला लागली की तिला वाटतं, आपण आता अशाच चालणार. मग ती पुढचाही आकडा कमी दाखवते."

विनातिकीट प्रवासी तेच होते. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या तोंडावर हा रंग चढताना पाहिला होता. आज तो स्वतःच्या कानापर्यंत पोचलेला त्यांना जाणवला.

दुसऱ्या दिवशी ते चौक ओलांडून दुकानात गेले. जावई एका मुलीच्या नाकावर फ्रेम बसवत होता. ती जाईपर्यंत ते नंबर तपासायच्या पाटीसमोर उभे राहिले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना दुकानातल्या सगळ्या फ्रेमवरून नजर फिरवावी लागली.

"बसा, बाबा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"जेवायला येताना दिसायचात. झोपलेले असायचात. काच वर केलेली, एसी चालू."

"मग बोलला का नाहीत?"

जावयानं फडक्यानं एक काच पुसली. "घरात तुम्हाला झोप लागत नाही, हे मला दिसतं. तिथे लागत होती. म्हटलं, लागू दे. पण त्यामुळे तुमची लेक वाटेत अडकेल असं वाटलं नव्हतं. तेवढं माझंही चुकलं."

चेकरसाहेब परत निघाले खरे, पण वाटेत त्यांच्या डोक्यात चक्र सुरूच होतं. माणूस इतका चांगला का असतो? यात त्याचा काय फायदा? घरी येऊन त्यांनी बायकोला हे विचारलं. ती म्हणाली, "आता त्याच्या चांगुलपणावर पाळत ठेवा." त्यांनी ती काही काळ ठेवलीही. हाती काहीच लागलं नाही.

महिन्याभरात त्यांच्या खोलीत एसी बसला. या वेळी ते "कशाला" म्हणाले नाहीत.

हल्ली ते कधी कधी मुलीबरोबर पेशंटकडे जातात. बोलत नाहीत, तिच्या पायाकडे बघतात. सिग्नल लाल दिसला की "आत्ताच सोड" एवढंच म्हणतात, आणि ती पाय उचलते. एकदा टेकडी उतरताना पडद्यावरचा आकडा तीननं वाढला. मुलीनं समजावलं, उताराला चाकंच थोडी वीज परत देतात. ते ऐकून त्यांनी मान हलवली.

"देत असतील," ते म्हणाले. "पण खाली उतरल्यावर एकदा गाडी थांबव. टायरमध्ये हवा कमी असली तरी वीज जास्त जाते म्हणे, ती आपणच बघू. पंपवाल्याच्या मीटरवर माझा विश्वास नाही."